खाऊचे पैसे: ठरल्या वारी द्यायचे की कामाच्या बदल्यात?

मूल सात-आठ वर्षांचं झालं की हा विषय घरात निघतोच. वर्गातल्या अमक्याला मिळतात, तमकीला मिळतात, मग मलाच का नाही, अशी सुरुवात होते. किती द्यायचे यावर फारसं भांडण होत नाही. आपली ऐपत किती आणि पोराची गरज किती हे दोघांनाही ठाऊक असतं. घोडं अडतं ते कशाचे द्यायचे यावर. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, बिनशर्त? की अंथरुणाची घडी, भांडी, कचरा, झाडांना पाणी अशी कामं नेमून द्यायची आणि जेवढं काम तेवढे पैसे?

आमच्याकडे दोन्ही झालं. आधी कामाचे पैसे, साधारण दहा महिने. मग ठरलेले, त्यांचं आता तिसरं वर्ष चालू आहे. सुरुवात केली तेव्हा थोरली ११ वर्षांची होती आणि धाकटा ८. दोन पोरांवरून काहीच सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, तेव्हा पुढचं सगळं एका घरातला अनुभव म्हणूनच वाचा.

कामाचे पैसे या पद्धतीची मोठी जमेची बाजू म्हणजे ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आजीला पटते, आजोबांना पटते, शेजाऱ्यांना पटते. पैसा कष्टाने मिळतो हे लहानपणीच कळलेलं बरं, यात खोट काढणार कुठे? मलाही दिसली नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी मोठा पुठ्ठा घेतला, पट्टीने रेघा मारल्या, आडवे वार आणि उभी कामं. प्रत्येक कामासमोर त्याचा भाव. बायकोने पहिल्याच दिवशी त्याला 'मस्टर' म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

पहिला दीड महिना मी ऑफिसात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. सकाळी उठवायला जावं तर अंथरूण आधीच आवरलेलं. भांडी पुसून जागच्या जागी. धाकटा झाडांना दिवसातून दोनदा पाणी घालायचा, कारण नियमात 'एकदाच' असं लिहायचं राहिलं होतं. त्या उत्साहात एक कुंडी कुजली. पण घरातलं ओरडणं जवळपास बंद झालं. रोज सकाळी त्याच त्या चार वाक्यांनी ज्यांचा घसा बसतो, त्यांना हा दीड महिनादेखील मोलाचा वाटेल. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या पद्धतीत खरोखरच चांगली होती. थोरलीला स्केटिंगचे बूट हवे होते. तिने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि उत्तर आलं, १४० वेळा भांडी. ती त्या आकड्याकडे जरा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "राहू दे, जुनेच चालतील." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. एखादी वस्तू आपल्या किती मेहनतीला पडते, हा हिशेब ती आजही घालते. ठरलेल्या पैशांत तो इतका लख्ख दिसत नाही, हे मान्यच करायला हवं.

मग माशी शिंकली कुठे? शनिवारी संध्याकाळी.

शनिवार हा हिशेबाचा दिवस. मी चष्मा लावून मस्टरसमोर बसायचो, दोघं दोन बाजूंना. धाकट्याच्या रकान्यात सातही दिवस बरोबरची खूण. मी म्हटलं, "बुधवारी तुझं अंथरूण मी आवरलं होतं."

"घडी मीच केली होती. तू फक्त कपाटात ठेवलंस."

"ती घडी नव्हती रे. गुंडाळी होती."

त्याने थोडा विचार केला. "मग गुंडाळीचे अर्धे दे."

त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो आणि मी अर्धे देऊन टाकले. तिथेच चूक झाली. अर्धे एकदा दिले म्हणजे अर्ध्याचा कायदा झाला. पुढच्या शनिवारी थोरलीने विचारलं की भांडी पुसली पण लावली नाहीत, तर त्याचे अर्धे की पाऊण? धाकट्याला तीन दिवस ताप आला. त्या तीन दिवसांचे कापायचे? कापले तर आजारी पोराचे पैसे कापणारा बाप, नाही कापले तर थोरलीचा सवाल तयार: मग माझ्या परीक्षेच्या आठवड्याचे का कापलेस? तेव्हा मी, आता लिहितानाही ओशाळायला होतंय, पगारी रजेचा नियम केला. वर्षाला अमुक दिवस. आणि 'खाडा' हा शब्द माझ्या घरात आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी बसला.

मग खुणांवरून संशय सुरू झाला. थोरली पेनाने खूण करायची, धाकटा पेन्सिलीने. तिचं म्हणणं, हा शुक्रवारी रात्री मागच्या दिवसांच्या खुणा भरून टाकतो. त्याचं म्हणणं, पेन सापडत नव्हतं. दोघांतलं कोण खरं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी मी निकाल दिला की यापुढे खूण मी करणार. ऐकायला न्याय्य वाटतं, पण याचा अर्थ असा होता की प्रत्येक काम मला त्याच दिवशी, डोळ्यांनी पाहायला हवं. घरी आल्यावर खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी माझी फेरी सुरू व्हायची. अंथरूण. ओट्याची कड. पलंगाखाली वाकून बघणं, कारण झाडलेलं तिथे ढकललेलं असायचं.

एका संध्याकाळी मी दारातून आत येतोय तोच धाकटा धावत आला. शाळेत काहीतरी झालं होतं, चेहऱ्यावर मावत नव्हतं. आणि माझी नजर त्याच्या डोक्यावरून थेट कचऱ्याच्या डब्याकडे गेली. "डबा?" एवढंच मी बोललो. तो डबा घेऊन खाली गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय सांगत होतास? "काही नाही," म्हणाला. रात्री पुन्हा विचारलं, तेव्हाही काही नाही. काय होतं ते मला अजून माहीत नाही.

मुलं त्या दहा महिन्यांत मजूर झाली की नाही, सांगता येणार नाही. मी मात्र पक्का मुकादम झालो होतो. कामाला भाव लावला की काम तपासणारा माणूस ओघानेच येतो, आणि घरात ती जागा भरायला आपल्याशिवाय दुसरं कुणी नसतं. या पद्धतीबद्दल मी जे जे आधी ऐकलं होतं त्यात मुलांवर काय परिणाम होईल याचीच चर्चा होती. आपलं काय होईल हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. बाकीचे मुद्दे यानंतरचे, आणि खरं सांगायचं तर त्यातले काही मी निर्णयाला आधार म्हणून मागाहून गोळा केले.

त्यातला एक मात्र थोरलीनेच आयता दिला. आठव्या-नवव्या महिन्यातली गोष्ट. तिच्या डब्यात वाढदिवसाचे बरेच पैसे साठले होते. ती अगदी शांतपणे येऊन म्हणाली, "बाबा, मला सध्या पैसे नको आहेत. त्यामुळे या आठवड्यात भांडी मी नाही लावणार." त्यात उर्मटपणा नव्हता, रागही नव्हता. करारात बसणारं वाक्य होतं, आणि करार मीच लिहिला होता. काय उत्तर देणार? काम ऐच्छिक आहे हे तिला मीच शिकवलं होतं, फक्त शिकवतोय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

याला जुळणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरात १९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो १० पाळणाघरांत केला. मूल न्यायला पालक उशिरा येत, म्हणून त्यांतल्या ६ पाळणाघरांनी १० मिनिटांहून जास्त उशिराला छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी काही आठवड्यांत जवळपास दुप्पट झाला. आधी उशीर झाला की तिथल्या बाईंसमोर मान खाली घालावी लागायची. आता दंड भरला की मामला मिटला. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर उतरला नाही. हे शेवटचं मी तेव्हा नीट मनावर घेतलं असतं तर पुढच्या महिन्यांत मला कमी धक्के बसले असते.

दुसरा प्रयोग या वादात हमखास पुढे केला जातो, तो १९७३ चा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर तो केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. आठवडा-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर मोकळ्या वेळात ही मुलं रंगीत पेनांकडे इतरांच्या निम्म्यानेच वळत होती. मला वाटतं, भांड्यांच्या बाबतीत हा दाखला थोडा ओढूनताणून आणला जातो. चित्रं त्या मुलांना मुळात आवडत होती. भांडी पुसायला कुणाला आवडतं? जी आवड नव्हतीच ती मरणार कशी? पण आमच्या घरात एका ठिकाणी तो दाखला बरोब्बर लागू पडला, आणि ते ठिकाण म्हणजे कुंड्या. मस्टर लागायच्या आधी धाकटा आपणहून झाडांपाशी जायचा, पानांवरून बोट फिरवायचा, मुंग्या मोजायचा. मस्टरवर पाण्याचा भाव सगळ्यात कमी होता. महिन्या-दोन महिन्यांत त्याला हिशेब कळला आणि त्याने कुंड्या सोडून जास्त भावाची कामं धरली.

आता ठरलेल्या पैशांकडे येतो. ही माझ्या आवडीची पद्धत आहे हे एव्हाना कळलंच असेल, म्हणून तिची दुखणी आधी सांगतो.

पहिलं दुखणं: कामं होत नाहीत. निदान लगेच तरी नाही. आठवड्याचे पैसे मिळणारच आहेत, मग भांडी कशाला? सुरुवातीचे दोन महिने तर हैफासारखीच गत होती. भाव गेला, पण भावाच्या आधी जी थोडीफार लाज होती ती काही परत आली नाही. ओरडणं पुन्हा सुरू झालं, आणि मोजायचंच झालं तर मस्टरच्या काळापेक्षा आज आमच्या घरात ओरडणं जास्त आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की ओरडणं दोन मिनिटांत संपतं. "भांडी!" "हो, आलो." संपलं. त्याची नोंद राहत नाही, शनिवारी त्यावर सुनावणी होत नाही, आणि धाकट्याने लावली की थोरलीने याचा मला छडा लावावा लागत नाही. भांडी लागली की झालं.

दुसरं दुखणं म्हणजे लोक. फुकटचे पैसे देता? हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर नुसतं हसतो. मनात मात्र एक उत्तर असतं: जेवायलाही आम्ही त्यांना फुकटच वाढतो. घरात राहतो म्हणून घरातलं थोडं काम, आणि घरात राहतो म्हणून घरातले थोडे पैसे. दोन्ही आहेत, पण एकाची दुसऱ्याशी गाठ मारलेली नाही. हे तत्त्वज्ञान मी आधी मांडून मग पद्धत बदलली असं मुळीच नाही. शनिवारची कटकट नको म्हणून बदलली, तत्त्वज्ञान पाठोपाठ आलं.

तिसरं दुखणं खऱ्या अर्थाने माझं आहे. ठरलेले पैसे ठरल्या दिवशी द्यायला लागतात, आणि मी विसरतो. कामाच्या पद्धतीत विसरायची सोय नव्हती. दोन मजूर दारात उभेच असायचे. इथे मुलं पहिल्या आठवड्यात आठवण करतात, दुसऱ्या आठवड्यात करतात, मग गप्प बसतात. एकदा धाकट्याच्या कपाटाच्या दाराआड चिठ्ठी सापडली: 'बाबा, ३ आठवडे.' मला वाटलं होतं, मागत नाही म्हणजे गरज नसेल.

याबद्दलही एक प्रयोग आहे आणि तो मला इतर दोन्हींपेक्षा जास्त झोंबला. मुलासमोर एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा आणि थोडं थांबलास तर दोन देईन म्हणायचं, हा स्टॅनफर्डचा जुना खेळ पालकांना माहीत असतोच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी एक पायरी घातली. त्यांचं काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. २८ मुलं. प्रत्येकाला चित्रकलेचं यापेक्षा चांगलं सामान आणून देतो म्हणून सांगितलं. निम्म्या मुलांना ते आणून दिलं, निम्म्यांना 'अरे, नाहीच आहे आपल्याकडे' म्हणून तोंडाला पानं पुसली. मग मार्शमॅलो पुढे ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटांच्या आसपास थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटांच्या आसपास. संयम हा मुलाचा गुण असतो असं आपण धरून चालतो. इथे मोठ्या माणसाच्या शब्दाचा भरवसाही त्यात मोजला जात होता. धाकटा हातात पैसे आले की त्याच दिवशी उडवायचा, याचं खापर मी त्याच्या स्वभावावर फोडत होतो. तीन-तीन आठवडे थकवणाऱ्या सावकाराचे पैसे हाती लागले तर मीही तेच केलं असतं. फोनमध्ये गजर लावला. पुढे त्याचं उडवणं कमी झालं, ते गजरामुळे की वय वाढल्यामुळे, छातीठोक सांगता येणार नाही. माझं मत गजराकडे झुकतं.

ठरलेल्या पैशांनी काय दिलं ते आता सांगतो. यात मुलांना कमावणं शिकता येत नाही, पण पुरवणं शिकता येतं, आणि शाळकरी वयात मला ते जास्त गरजेचं वाटतं. कामाच्या पद्धतीत पैसे कमी पडले की उपाय सोपा होता: आणखी एक काम शोधायचं. धाकटा तर "अजून काही आहे का?" म्हणत घरभर फिरायचा, खिडक्यांच्या काचा, चपलांचं कपाट, काहीही. ठरलेल्या रकमेत हे दार बंद असतं. मंगळवारी संपले तर संपले.

असाच एक बुधवार आठवतो. त्याने सगळे पैसे सोमवारीच चकाकणाऱ्या चिकटचित्रांवर घालवले होते आणि बुधवारी त्याच्या मित्रांचं सगळ्यांनी मिळून एक चेंडू घ्यायचं ठरलं. त्याच्या वाटणीचे पैसे त्याच्याकडे नव्हते. तो माझ्याभोवती घुटमळला, मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यातले आत्ता देशील?" द्यायला काहीच हरकत नव्हती, रक्कम क्षुल्लक होती, आणि चेंडूसारख्या चांगल्या कामासाठी हवी होती. मी नाही म्हटलं. माझा अख्खा दिवस वाईट गेला. त्याने संध्याकाळी चिकटचित्रांचं अर्धं पाकीट मित्राला देऊन आपली वाटणी भागवली, हे मला चार दिवसांनी थोरलीकडून कळलं. उचल देण्याबद्दल घरोघरी मतं वेगळी असतील. वर्षातून एकदा दिल्याने आभाळ कोसळत नाही. पण दर आठवड्याला उचल द्यायला लागलात तर ठरलेली रक्कम ठरलेली उरत नाही.

आणखी एका बाबतीत सांभाळून राहावं लागतं. चिडलो की आपल्या तोंडून निघतं, "या आठवड्याचे पैसे बंद!" माझ्याही तोंडून एकदा निघालं, आणि मी ते अमलातही आणलं. उद्धट बोलण्याबद्दल होतं, घरकामाशी संबंध नव्हता. पुढच्या आठवड्यात थोरलीने विचारलं, "किती वेळा उलट बोललं तर किती कापतोस?" म्हणजे मुकादम मागच्या दाराने परत आला होता. त्यानंतर पैसे कापणं बंद. शिक्षा करायचीच तर दुसरी.

मार्कांचे पैसे हा फाटा कुणीतरी काढतंच, म्हणून त्याबद्दल दोन ओळी. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या शाळांत हजारो मुलांवर हे करून पाहिलं आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. परीक्षेतल्या गुणांवर पैसे देऊन निकाल सुधारल्याचं दिसलं नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचून त्यावरची छोटी चाचणी पास केली की २ डॉलर मिळत. तिथे वाचून समजण्यात काहीसा फरक पडला. म्हणजे मुलाच्या हातात जे आहे त्याचे पैसे थोडेफार लागू पडतात, जे त्याच्या हातात नाही त्याचे नाही. आम्ही या वाटेला गेलो नाही. एका मस्टरने पोट भरलं होतं.

तिसरा, मधला मार्ग बरेचजण सुचवतात: रोजची कामं बिनपैशाची, ठरलेली रक्कम वेगळी, आणि एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं असं एखादं मोठं काम असेल तर त्याचे वेगळे पैसे. हा आमच्याकडेही शिरलाय, विशेषतः थोरली १३ ची झाल्यापासून. गाडी धुणं, माळ्यावरचं सामान काढून पुसून परत ठेवणं. तो ठीक चालतो, कारण असं काम महिन्या-दोन महिन्यांतून एकदा निघतं आणि एका नजरेत दिसतं की झालं की नाही. तेच रोजचं झालं की पुन्हा गुंडाळी आणि घडी.

रोख की फोनवर, हाही प्रश्न हल्ली येतो. मुलांसाठीची कार्डं आणि ॲप सोयीची आहेत, माझ्यासारख्या विसरभोळ्याला तर फारच. तरी धाकट्याला मी अजून नाणी-नोटाच देतो. डबा हलका झाला की त्याला हातात कळतं. थोरलीला यंदापासून कार्ड दिलंय, आणि तिच्या खर्चाची यादी मला दिसते हे मला स्वतःला फारसं रुचत नाही. बघत नाही असं म्हणतो. कधीकधी बघतो.

आता, कुणाला कामाचे पैसेच बरे पडतील? घरात एकच मूल असेल तर बहुधा. आमचे निम्मे खटले बहीण-भावाच्या तुलनेतून उभे राहिले. एकाच मुलाला शेजारच्या रकान्यात बघायला काही नसतं. आईबाबांपैकी एकाला नोंदी ठेवण्याची मनापासून आवड असेल तरी. माझ्या एका मित्राकडे हीच पद्धत पाच वर्षं सुरळीत चालली आहे. तो दर रविवारी सकाळी दहा मिनिटांत हिशेब मिटवतो, आवाज चढत नाही, आणि त्याची मुलगी पैशांच्या बाबतीत माझ्या दोघांपेक्षा कांकणभर शहाणीच आहे. मी त्याला गुपित विचारलं तर तो म्हणाला, "मी तपासतच नाही. ती सांगेल ते खरं." हे मला जमलं नसतं. तुम्हाला जमत असेल तर माझं वरचं बरंचसं रडगाणं तुम्हाला लागू नाही. पण पलंगाखाली वाकून बघणारा स्वभाव असेल, आणि घरात दोन किंवा जास्त मुलं असतील, तर मी तरी ठरलेल्या पैशांकडेच बोट दाखवेन.

जे आधीच कामाच्या पैशांवर आहेत आणि बदलायचं म्हणतात, त्यांनी आधी सगळी थकबाकी चुकती करावी, अर्ध्या-पाऊण खुणांसकट. आम्ही शेवटच्या शनिवारी वादातल्या सगळ्या गुंडाळ्यांचे पूर्ण पैसे दिले. तेवढ्या पैशांत शांतता स्वस्त पडली. त्यानंतरचे काही आठवडे भांडी बहुतेक तुम्हालाच लावावी लागतील, तेव्हा मनाची तयारी ठेवा. कुंड्यांकडे धाकटा परत वळायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि पैसे द्यायचा वार बदला. आम्ही शनिवारचा गुरुवार केला. तरी पहिले कितीतरी शनिवार संध्याकाळ झाली की धाकटा पेन घेऊन त्या रिकाम्या भिंतीसमोर येऊन उभा राहायचा.